दुधाच्या हिशेबाच्या चौकोनात एक वाक्य

माझ्या भाचीच्या यजमानांची नोकरी गेली. घरात दोन लहान मुलं, फ्लॅटचा हप्ता. परवा फोनवर म्हणाली, "मावशी, वादळानंतर तुमच्याकडे आले होते तेव्हा तुम्ही सगळे हसत होतात. मला तेव्हा नवल वाटलं होतं. आता विचारते, कसं जमवलंत?" फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे. आणखी कुणाला उपयोग झाला तर बरंच.

आमचं गाव दापोली तालुक्यात, आंजर्ल्याजवळ. घरामागे आगर, त्यात माड आणि सुपारीच्या पोफळी. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. ताशी शंभर किलोमीटरच्या वरचा वारा. दुपारपर्यंत घराची अर्धी कौलं खळ्यात आणि आगरात आडव्या पोफळी, एकीवर एक, काडेपेटी उलटी केल्यासारख्या. आमच्या ३४० पोफळींतल्या २१२ गेल्या, माड ३१. लॉकडाऊन चालू होता, पुढे २१ दिवस वीज नव्हती. आमचे हे दोन दिवस कुणाशी एक अक्षर बोलले नाहीत.

सासूबाई तेव्हा चौऱ्याऐंशीच्या. होळीच्या आधी खुब्याचं हाड मोडलेलं, त्यामुळे माजघरात खाटेवरच. तिसऱ्या रात्री मी कंदील घेऊन त्यांना पाणी द्यायला गेले. वर छप्पर नाही, वाशांमधून आभाळ दिसत होतं. मला वाटलं घाबरल्या असतील. त्या वर बघत म्हणाल्या, "अगो, आता यमाला दार ठोठवायला नको. वरूनच उतरेल. पण त्याला सांगून ठेव हो, झावळ्या ओल्या आहेत. पाय घसरेल मेल्याचा."

मी तांब्या खाली ठेवला आणि हसू लागले. ओटीवर हे बसले होते, त्यांनी विचारलं काय झालं. मी सांगितलं. त्यांचे खांदे हलायला लागले. तीन दिवसांनी ते पहिल्यांदा जेवले, पिठलं-भात, दोनदा वाढून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाला आला तेव्हा अर्ध्या लिटरची खूण करता करता मी सासूबाईंचं ते वाक्य कॅलेंडरवर ६ जूनच्या चौकोनात लिहून ठेवलं. तिथून माझी सवय सुरू झाली. तुलाही पहिलं हेच सांगते: लिहून ठेव. वेगळी वही नको, वही राहून जाते. कॅलेंडर रोज हाताखाली असतं, आणि चौकोन लहान असल्यामुळे एकच वाक्य मावतं. रात्री निजण्याआधी आठवायचं, आज कोण काय बोललं. सुरुवातीला आठवडाभर काहीच आठवत नाही. नंतर दिवसाच कान टवकारलेले राहतात, कारण रात्री चौकोन भरायचा असतो. वाईट दिवसात मन आपोआप वाईटच गोळा करत राहतं. त्याला दुसरं काहीतरी गोळा करायला लावायचं आहे.

लिहायचं ते माणसाच्या तोंडचे शब्द जसेच्या तसे. "मासेवाली गमतीशीर बोलली" असं लिहिलंस तर महिन्याभरानं ते वाचून काही होणार नाही. हर्णै बंदरातून आमच्याकडे एक मासेवाली येते. नारळी पौर्णिमेनंतर मी तिला विचारलं, बांगडा ताजा आहे ना? ती म्हणाली, "ताजा? मेलाय हे अजून त्याला कळलंसुद्धा नाही." हे लिहिलेलं आहे, म्हणून सहा वर्षांनीही त्या बाईचा कमरेवरचा हात मला दिसतो. बोली सुधारायची नाही. कोण बोललं ते लिहायचं.

विनोद शोधत बसू नकोस, ही दुसरी गोष्ट. मोबाइलवर येणारे चुटके मी वाईट म्हणत नाही, पण ते पुरत नाहीत. डॉ. मदन कटारिया यांनी १९९५ साली मुंबईत लोखंडवालाच्या एका बागेत पाच जणांना घेऊन हास्यक्लब सुरू केला, तेव्हा लोक गोल उभे राहून एकमेकांना विनोद सांगायचे. पंधरा दिवसांत चांगले विनोद संपले आणि उरले ते कुणाला तरी लागणारे. मग त्यांनी विनोद सोडून नुसतं हसण्याचाच व्यायाम केला. अमेरिकेत रॉबर्ट प्रोव्हाइन नावाच्या शास्त्रज्ञांनी बाजारात, रस्त्यावर लोक कधी हसतात ते ऐकून बाराशे प्रसंग टिपले होते. हसण्याच्या आधीचं वाक्य खरोखर विनोदी होतं, असे प्रसंग पाचातला एकही भरले नाहीत. बाकी सगळं "बरं आहे, येतो मी" असलंच साधं बोलणं. आणि एकट्या माणसापेक्षा चार माणसांत हसणं तीसपट जास्त, असंही त्यांना दिसलं. म्हणून तुला सांगते, घरात दार लावून बसू नकोस. पैसे नसले तरी शेजारणीकडे जाता येतं. कोथिंबीर निवडायची असेल तर ती घेऊन जा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हे मी चूक बघून शिकले आहे, म्हणून जरा थांबून सांगते.

वादळाच्या दुसऱ्या दिवशी एक शेजारी आगर बघायला आले. मनाने चांगला माणूस, पुढे आमच्या घरावर ताडपत्री घालायला तेच पहिले चढले. पण त्या सकाळी आडव्या पोफळींकडे बघून ह्यांना म्हणाले, "अण्णा, एक बरं झालं. आता सुपारी काढायला वर चढणारा माणूस शोधायला नको." ह्यांचा चेहरा मी पाहिला. त्या पोफळी माझ्या सासऱ्यांच्या हातच्या होत्या. हे उठून विहिरीपाशी गेले आणि संध्याकाळपर्यंत तिथेच बसले.

चार महिन्यांनी, दसऱ्याच्या सुमाराला, पडलेल्या झाडांचे ओंडके करून झाले होते, नवी रोपं लावून झाली होती. ओटीवर सात-आठ जण चहा घेत होते. सुपारीचं काम करणारा गडी यंदा मुंबईहून परतलाच नाही, असं कुणीतरी म्हणालं. आणि हे म्हणाले, "माझं काय अडलंय? माझ्या सुपारीला चढणारा माणूस लागतच नाही. सगळी जमिनीवर लोळतेय." ओटीभर हशा. तो शेजारीही हसला, आणि मग त्याने ह्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

वाक्य जवळपास तेच. ज्याचं नुकसान झालं त्याने ते उच्चारलं, आणि त्याच्या वेळेला उच्चारलं. तुझ्या घरी नोकरीवरून पहिला विनोद यजमानांनी करू दे. तू नको, तुझ्या भावानेही नको. त्यांनी केला की मात्र मनापासून हस, दया दाखवल्यासारखं गप्प राहू नकोस. त्यांनी धीर करून एक दार उघडलेलं असतं.

कुणाच्या अंगावर, रंगावर, जातीवर, मूल होण्या न होण्यावर, कर्जावर कधीच नाही. पोरांच्या भीतीवरही नाही. भीतीसाठी आपल्या कोकणात शिमग्याला वेगळी सोय आहे. घरोघर फिरणाऱ्या खेळ्यांबरोबर संकासुराचं सोंग घेतलेला माणूस येतो, काळा वेष, उंच टोपी, पांढरी दाढी, कमरेला घुंगरं. आवाज ऐकला की पोरं माजघरात पळतात आणि दोनच घरं पुढे त्याच्याच मागे ओरडत धावतात. २०२१ च्या शिमग्याला कोरोनामुळे गर्दी नव्हती. आमच्या शेजारच्या सहा वर्षांच्या पोराने उशीचा काळा अभ्रा डोक्यावर घालून, बैलाची घुंगरं कमरेला बांधून एकट्याने सगळ्या वाडीत फेरी मारली. म्हाताऱ्यांनी अंगणात येऊन त्याच्या हातावर खोबरं ठेवलं. तुझ्या मुलांना रात्री भीती वाटत असेल तर समजावत बसण्याआधी त्या भीतीला एक नाव, एक टोपी दे. चित्र काढायला लाव. तिचा आवाज त्यांनाच काढू दे.

आजारी माणसाजवळ बसलीस तर जुनं विचार. "कसं वाटतंय" हे दिवसातून दहा जण विचारतात. सासूबाई सात महिने खाटेवर होत्या. मी त्यांना लग्नाचं विचारायचे. १९५४ साली त्या नवी नवरी म्हणून मुंबईहून बोटीने हर्णैला उतरल्या. बोट लांब उभी राहायची, तिथून होडीने, आणि शेवटच्या गुडघाभर पाण्यातून खलाशी उचलून काठावर नेत. त्या दिवशी बोटीवर दोन नवऱ्या होत्या, दोघीही हिरव्या लुगड्यात, डोक्यावरून पदर. खलाशाने सासूबाईंना नेमकं दुसऱ्याच वऱ्हाडात उतरवलं. "मी पदराआडून बघितलं," सासूबाई म्हणायच्या, "बैलगाडीला छान गादी घातलेली. म्हटलं, असू दे." ही हकिकत मी पंचवीस वेळा तरी ऐकली असेल. ड्रेसिंग बदलताना मुद्दाम हीच विचारायचे, आणि गादीपर्यंत पोचेस्तोवर पट्टी बांधून झालेली असायची.

सांगताना एक जप. "एक गंमत सांगते" असं आधी म्हणायचं नाही. हसवणारा शब्द शेवटी ठेवायचा. माझ्या पुतण्याने बांगड्याची गोष्ट अशी सांगितली: "तिचा बांगडा स्वतःला जिवंत समजतो इतका ताजा असतो." ताजा शब्द शेवटी गेला आणि बांगडा खरंच मेला. गंमत समजावूनही सांगायची नाही. समोरचा हसला नाही तर पुढच्या कामाला लागायचं.

आणि हे नीट ऐक. यजमानांना आठवडेच्या आठवडे झोप नसेल, अन्न जात नसेल, मुलांनी अंगावर उड्या मारल्या तरी चेहरा हलत नसेल, तर हसवायच्या मागे लागू नकोस. तिथे डॉक्टर लागतो. सरकारची टेलि-मानस म्हणून फोनसेवा आहे, १४४१६, चोवीस तास, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. तू स्वतःसाठीही करू शकतेस.

सासूबाई २०२२ च्या पावसाळ्यात गेल्या. बाराव्याला हिरव्या लुगड्याची गोष्ट त्यांच्या धाकट्या बहिणीने काढली, आणि जमलेल्या सगळ्यांनी एका आवाजात म्हटलं, "म्हटलं, असू दे." तोवर घरात कुणी हसलं नव्हतं.

वादळानंतर लावलेल्या पोफळींनी यंदा पहिली सुपारी धरली. झाडं अजून बुटकी आहेत. दिवाळीनंतर एका सकाळी ह्यांनी स्वयंपाकघरातलं स्टूल मागितलं, आगरात नेलं, त्यावर उभे राहून हातानेच पहिला घड काढला आणि तिथूनच मला हाक मारली, "लिहून ठेव गो. सांगितलं होतं ना, चढणारा माणूस लागत नाही."

दुधाच्या खुणेखाली लिहिलंय.