बटणांचे दागिने शिकताना: भोक, जाडी आणि गोंद

बटण घडवलं जातं ते कापडावर सपाट बसण्यासाठी. दोऱ्याचा ताण सगळीकडे सारखा पडावा म्हणून त्याची भोकं मधोमध असतात. दागिन्यात मात्र तेच बटण लटकवायचं असतं, उभं ओवायचं असतं किंवा धातूच्या चकतीवर चिकटवायचं असतं. कानातलं पुढे कलंडतं, ब्रेसलेटचं इलास्टिक तुटतं, अंगठीवरचं बटण हातात येतं. नवशिक्यांच्या बहुतेक तक्रारींच्या मुळाशी हीच गोष्ट असते. म्हणून रंगसंगतीकडे नंतर वळा. आधी भोक कडेपासून किती आत आहे, जाडी किती आहे आणि बटण कशाचं आहे, हे पाहण्याची सवय लावून घ्या. त्यासाठी मिलिमीटर दाखवणारी व्हर्नियर कॅलिपर असेल तर उत्तम, नाहीतर पारदर्शक फूटपट्टी चालेल.

बटणांचं माप 'लाइन'मध्ये सांगतात. ४० लाइन म्हणजे एक इंच, म्हणजे एक लाइन ०.६३५ मिमी. शर्टाचं नेहमीचं बटण १८ लाइनचं, साधारण ११.५ मिमी व्यासाचं असतं. २४ लाइन म्हणजे १५ मिमी, ३२ म्हणजे २० आणि ४० म्हणजे २५ मिमीच्या थोडं वर. एवढी चार मापं पाठ झाली की ऑनलाइन मागवलेली बटणं फोटोत दिसली तशी का नाहीत, हा प्रश्न पडत नाही.

जुनी बटणं हाती आली की धुण्याआधी वेगळी करा. पॉलिएस्टर आणि अॅक्रिलिक कोमट साबणाच्या पाण्यात बिनधास्त धुता येतात. लाकूड, नारळाची करवंटी आणि शिंग फक्त ओलसर फडक्याने पुसायचं. भिजवलं तर ते फुगतं, वाकतं. केसीनचंही तसंच. दुधातल्या प्रथिनापासून बनणाऱ्या या पदार्थाचं, गॅलालिथचं, पेटंट १८९९ मध्ये घेतलं गेलं आणि पुढे त्याची बटणंही निघाली, दागिनेही निघाले. शिंपल्याचं बटण गालाला लावलं तर प्लॅस्टिकपेक्षा स्पष्टपणे थंड लागतं आणि त्याच्या मागच्या बाजूला अनेकदा शिंपल्याची मूळ तपकिरी साल दिसते. ते पाण्याने धुवा, पण व्हिनेगर किंवा लिंबू लावू नका. शिंपला मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा असतो आणि आम्लाने त्याची चकाकी जाते.

एका प्रकाराबाबत मात्र काटेकोर राहा. जोरात चोळल्यावर कापरासारखा वास आला, तर ते बटण सेल्युलॉइडचं असू शकतं. सेल्युलॉइड झटकन पेट घेतं. तापलेली सुई टोचून बटण ओळखण्याचा उपाय बऱ्याच ठिकाणी सुचवलेला दिसतो. तो करू नका. अशा बटणावर ड्रिल नको, अॅसिटोनही नको. भोकं आहेत तशी वापरून ओवता आलं तर ओवा, नाहीतर बाजूला ठेवा.

अवजारं थोडीच, पण नीट

सुरुवातीला पाच गोष्टी पुरतात: गोल तोंडाची पक्कड, सपाट तोंडाच्या दोन पकडी आणि तार सपाट कापणारं कटर, तसंच १ मिमीचं पातं बसणारं हाताने फिरवायचं ड्रिल. सपाट पकडीच्या तोंडाला आतून दाते नसावेत. दाते असले तर तारेवर आणि कड्यांवर ओरखडे उठतात आणि ते नंतर जात नाहीत. तार दोन जाडीची घ्या: कडी-आकड्यांसाठी २० गेज, म्हणजे ०.८ मिमी, आणि बटणं एकमेकांवर बांधण्यासाठी २४ गेज, म्हणजे ०.५ मिमी. तांब्याची तार मऊ असते, सरावाला तीच बरी. एकाच जागी तार तीन-चार वेळा पुढे-मागे वाकवली की ती कडक होते आणि तुटते. त्यामुळे वळण चुकलं तर तिथेच झगडत बसू नका, नवा तुकडा घ्या.

कानातलं: पहिला धडा इथेच घ्यावा

१५ मिमीचं दोन भोकांचं बटण घ्या. त्याचं भोक कडेपासून साधारण साडेपाच मिमी आत असतं आणि जाडी ३ मिमी. भोकातून निघून कडेला वळसा घालणाऱ्या जंप रिंगला, म्हणजे एका जागी उघडणाऱ्या तारेच्या छोट्या कडीला, हे दोन्ही पोटात घ्यायचं असतं, म्हणून तिचा आतला व्यास किमान ८ मिमी हवा. बटण मोकळं हलायला हवं असेल तर १० मिमी. पाकिटात सर्वात जास्त मिळणारी ५-६ मिमीची रिंग इथे बसतच नाही. ती जबरदस्तीने बसवली की तिचं तोंड उघडं राहतं आणि चार दिवसांत बटण गळून पडतं.

मोठी रिंग डोळ्यांना खटकते, हे खरं. त्यावर उपाय म्हणजे कडेजवळ नवीन भोक पाडणं. भोकाचा मध्य कडेपासून अडीच मिमी आत ठेवा, म्हणजे ५ मिमीची रिंग पुरते. भोक दोन मिमीपेक्षाही कडेला गेलं तर तिथला टवका उडतो. भोक पाडायच्या जागी मास्किंग टेप लावा, टाचणीने खूण करा, बटणाखाली लाकडाचा टाकाऊ तुकडा ठेवा आणि ड्रिल सावकाश फिरवा. घाई केली की पॉलिएस्टर तापून मऊ होतं, पात्याला चिकटतं आणि भोक वेडंवाकडं होतं. चार-पाच फेऱ्यांनंतर पातं बाहेर काढून भुगा झटका. शिंपल्याच्या बटणाची भुकटी फुप्फुसांना घातक असते. त्याला भोक पाडताना बटण आणि पातं सतत ओलं ठेवा आणि एन-९५ मास्क लावा. इथे हयगय नको.

जंप रिंग उघडताना दोन्ही टोकं एकमेकांपासून बाहेर ओढायची नसतात. दोन पकडींनी दोन्ही बाजू धरून एक टोक आपल्याकडे आणि दुसरं पलीकडे, असं तिरपं फिरवायचं. बंद करताना टोकं किंचित पलीकडे नेऊन परत आणली की तार घट्ट होऊन ती जागेवर बसतात. सांध्यावरून नख फिरवा. अडकलं तर फट आहे, असं समजा.

वजन किचनच्या डिजिटल काट्यावर बघा. एका कानातल्याचं वजन ८ ते १० ग्रॅमच्या आत असलेलं बरं. धातूचं मोठं बटण दिसायला देखणं असतं, पण दोन तासांत कानाची पाळी दुखायला लागते. हुक निकेलमुक्त घ्या: ९२५ चांदी, टायटॅनियम किंवा नायोबियम. स्वस्त मिश्रधातूत निकेल असू शकतं आणि अनेकांच्या कानाला त्याने खाज सुटते.

ब्रेसलेट: गणित आधी, ओवणं मग

बटणं एकमेकांना खेटून उभी ओवायची आणि इलास्टिकची गाठ मारायची, हे सर्वांना सोपं वाटतं. खरी फसगत इथेच होते. टेबलावर सरळ ठेवलेली चळत गोल वळवली की बटणांच्या आतल्या कडा एकमेकांवर आपटतात आणि मध्यातून जाणारं इलास्टिक ताणलं जातं. ब्रेसलेट हातात नसतानाही तो ताण सुटत नाही, आणि काही आठवड्यांत गाठीपाशी इलास्टिक तुटतं.

तेव्हा असा हिशेब करा. मनगट १६ सेमी असेल तर सैलपणासाठी १ सेमी वाढवा, १७ झाले. आता त्यात बटणाचा व्यास गुणिले ३.१४ मिळवा: ११.५ मिमीच्या बटणासाठी साधारण ३.६ सेमी. म्हणजे बटणांच्या मध्यातून मोजलेली लांबी २०.६ सेमी हवी. बटणाच्या दोन भोकांतून इलास्टिकच्या दोन दोऱ्या जातात. दोन बटणांच्या मध्ये प्रत्येक दोरीवर २ मिमीचा एकेक मणी घाला. ३ मिमीचं बटण आणि २ मिमीचा मणी मिळून ५ मिमी होतात, म्हणजे ४१ बटणं आणि ८२ मणी. मण्यांमुळे आतल्या कडांना वळायला जागा मिळते आणि ब्रेसलेट मनगटावर मऊ बसतं. बटणं सपाट ओवायची असतील तर व्यासाऐवजी जाडी गुणिले ३.१४ मिळवा, ही भर जेमतेम एक सेंटिमीटरची होते.

इलास्टिक ०.७ किंवा ०.८ मिमीचं घ्या, प्रत्येकी ४० सेमीचे दोन तुकडे. ओवण्याआधी दोन्ही तुकडे चार-पाच वेळा ताणून सोडा. नवं इलास्टिक पहिल्या काही वापरांत सैल होतं. ते सैल होणं गाठीआधीच उरकून घ्यायचं. चार भोकांच्या बटणात समोरासमोरची तिरपी भोकं वापरा, म्हणजे बटण मधोमध राहतं. गाठ मारताना पहिला पेच दोनदा गुंफा, ओढा, मग दुसरा पेच घ्या. प्रत्येक दोरीची गाठ वेगळी. टोकं ३ मिमी ठेवून कापा आणि गाठीवर लवचिक राहणाऱ्या गोंदाचा एक थेंब द्या. झटपट चिकटणारा गोंद इथे वापरू नका, तो इलास्टिकला कडक करतो आणि ते नेमकं तिथेच मोडतं.

गोंदाचं काम

अंगठी आणि पिनच्या मागे चिकटवायला ई-६००० सारखा लवचिक गोंद किंवा दोन ट्यूबचा इपॉक्सी घ्या. झटपट गोंद कडक आणि ठिसूळ होतो, शिवाय बटणाभोवती पांढुरकी धूसर झाक सोडतो. गोंद कोणताही असो, तो गुळगुळीत आणि तेलकट पृष्ठभागावर टिकत नाही. बटणाची पाठ आणि अंगठीची चकती दोन्ही २२० नंबरच्या सँडपेपरने घासा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि त्यानंतर तिथे बोट लावू नका. भोकांतून गोंद वर येऊन चेहरा खराब होतो, म्हणून आधी भोकांतून जाड दोऱ्याचे दोन-तीन टाके घालून मागे गाठ मारा. टाका वरून शोभतो आणि गोंदाला मागे धरायला काहीतरी मिळतं. ई-६००० पूर्ण सुकायला २४ ते ७२ तास लागतात. तासाभरात बटण हलत नाही असं वाटतं, पण आतला गोंद अजून ओला असतो. खोली हवेशीर ठेवा आणि तेवढे तास थांबा.

मागे कडी असलेलं बटण सपाट करायचं असेल तर प्लॅस्टिकची कडी कटरने एका दमात न कापता थोडी थोडी कुरतडा, मग १८० आणि ४०० नंबरने घासा. तुकडे उडतात, चष्मा हवाच. धातूच्या पोकळ बटणाची कडी उपटू नका, पाठीला खड्डा पडतो. त्याच्या कडीतून जंप रिंग घालून ते लॉकेटसारखं लटकवणं कधीही चांगलं.

दुसऱ्याच्या हाती देण्याआधी प्रत्येक दागिना पारखून घ्या. कानातल्याचं हुक धरून बटण ठामपणे खाली ओढा, ब्रेसलेट वीस वेळा हातावरून चढवा-उतरवा, अंगठीवरचं बटण अंगठ्याने बाजूला रेटून बघा. विकायचं ठरवलं तर वेळेची नोंद ठेवा: बटणं निवडणं, धुणं, भोकं पाडणं आणि वाळायला ठेवणं या सगळ्याची, नुसत्या ओवण्याची नाही. सुटं झालेलं बटण लहान मूल गिळू शकतं, तेव्हा तीन वर्षांखालच्या मुलांसाठी असे दागिने करू नका. प्रत्येक जोडीमागे एक बटण जास्तीचं राखून ठेवा आणि ते कोणत्या दागिन्याचं आहे, हे पुडीवर लिहा. जुन्या बटणाची जोड पुन्हा सहसा मिळत नाही.