खानदेशातून नाशिकला नव्याने आलेल्या सायकलस्वारांसाठी

जळगाव, धुळे, नंदुरबारकडून नोकरीनिमित्त नाशिकला येणाऱ्यांचे पहिले बिऱ्हाड बहुधा सिडको, सातपूर किंवा पाथर्डी फाट्याच्या परिसरात पडते आणि कामाचे ठिकाण सातपूर अथवा अंबडच्या औद्योगिक वसाहतीत असते. घर आणि कारखाना यांतील अंतर पुष्कळदा सायकलने सहज कापता येईल एवढेच असते. मीही अमळनेरहून याच वाटेने आलो, संसार सिडकोत थाटला आणि आजही कामावर सायकलनेच जातो. गावाकडून नवीन आलेला मुलगा पहिला पगार हाती पडताच हप्त्यावर मोटारसायकल उचलतो, असे मी वरचेवर पाहतो. तो निर्णय घेण्याआधी या शहरात सायकल कशी चालवावी आणि शहराच्या कोणत्या बातम्या सायकलस्वाराच्या कामाच्या असतात, हे कोणीतरी त्याला नीट सांगावे, या कळकळीने हे लिहीत आहे.

गावी चालू स्थितीतील सायकल असेल तर नवी घेण्याची घाई करू नये. भुसावळ, जळगाव आणि चाळीसगाव ही स्थानके नाशिकरोडच्या मुख्य मार्गावरच असल्यामुळे स्वतःचे तिकीट दाखवून सायकल पार्सल कार्यालयात सामान म्हणून नोंदवता येते आणि ती त्याच गाडीच्या सामानाच्या डब्यातून येते. हँडलला पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधून तिच्यावर नाव, मोबाइल क्रमांक आणि ‘नाशिकरोड’ असे ठळक लिहावे, घंटी आणि दिवा काढून पिशवीत ठेवावा आणि पावती जपून ठेवावी. नवी घ्यायचीच असेल, तर २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकली आणि त्यांचे सुटे भाग यांवरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे, हे दुकानदाराशी भाव करताना लक्षात ठेवावे. बॅटरीची सायकल घेणाऱ्यांनी मोटर २५० वॅटच्या आतली आणि कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आहे, याची खात्री करून घ्यावी; त्या मर्यादेतल्या सायकलीला नोंदणी आणि वाहन परवाना लागत नाही, मर्यादा ओलांडली की ती कायद्याने मोटार वाहन ठरते.

तापीकाठच्या सपाट रानात सायकल चालवलेल्या माणसाला नाशिकची जमीन प्रथम थोडी अवघड वाटते. गोदावरी पश्चिमेला त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर उगम पावून पूर्वेकडे वाहत जाते, त्यामुळे पश्चिमेकडे जाणारा रस्ता सामान्यतः चढाचा आणि परतीचा उताराचा असतो. पावसाळ्यात वाराही पश्चिमेकडूनच येत असल्यामुळे त्र्यंबक रस्त्याने सातपूरकडे जाताना दम लागतो आणि घरी परतताना पायांना आराम मिळतो. जुने गावठाण टेकड्यांवर वसलेले असल्यामुळे रविवार कारंजा, भद्रकाली, जुनी तांबट आळी या भागांत लहान गल्ल्यांनाही चांगलाच चढउतार आहे. तेथे ब्रेकच्या रबरी गोट्या झिजलेल्या असणे धोक्याचे ठरते. जळगावच्या मे महिन्यातला उकाडा मात्र येथे नसतो, आणि सकाळी लवकर निघणाऱ्याला वर्षातील बहुतेक दिवस हवा साथ देते.

रस्त्यांची निवड हा खरा महत्त्वाचा भाग आहे. मोटारसायकलवाल्याला विचारले तर तो नेहमी मोठ्या रस्त्याने जायला सांगेल, आणि सायकलस्वाराने नेमके तेच टाळावे. सिडकोतून सातपूरला जाताना सातपूर-अंबड लिंक रोड नकाशावर सरळ दिसतो, परंतु त्यावर मालट्रक आणि कंटेनर यांची सतत ये-जा असते. पाळी सुटण्याच्या वेळी तर त्या रस्त्यावर सायकलला कड उरत नाही. त्यापेक्षा त्रिमूर्ती चौकातून खुटवडनगरमार्गे आयटीआय सिग्नलला निघावे. वेळ थोडा जास्त लागला तरी वस्तीतून जाणाऱ्या रस्त्यावर वाहनांचा वेग कमी असतो. मुंबई-आग्रा महामार्गावर उड्डाणपुलावर कधीही चढू नये. खालचा समांतर रस्ता आपला. महामार्गाच्या पलीकडे जाण्यासाठी इंदिरानगर आणि राणेनगरचे बोगदे आहेत. तेथे सकाळ-संध्याकाळ कोंडी होते, तेव्हा सायकलवरून उतरून कडेने चालत पलीकडे जाणे सर्वांत लवकरचे आणि सुरक्षित असते. द्वारका चौकाबाबतही माझा हाच आग्रह आहे. पुणे रस्ता आणि महामार्ग जेथे एकमेकांना भेटतात, त्या चौकात कोणते वाहन कोणत्या दिशेने वळेल याचा भरवसा नाही, म्हणून नवख्या माणसाने तो चौक सायकल हातात धरूनच ओलांडावा. समृद्धी महामार्गावर सायकल आणि दुचाकी यांना प्रवेश नाही, हेही गावाकडे सायकलने जाण्याचा विचार करणाऱ्यांना माहीत असावे.

आता शहराने सायकलसाठी काय केले, ते पाहू. सप्टेंबर २०१६ मध्ये नाशिकची निवड केंद्राच्या स्मार्ट सिटी अभियानात झाली आणि त्यातून अशोकस्तंभ ते त्र्यंबक नाका हा १.१ किलोमीटरचा स्मार्ट रोड झाला. त्याच्या आराखड्यात पदपथाबरोबर सायकल मार्गही होता. याच टप्प्यात मेहेर सिग्नल, जिल्हा न्यायालय, जिल्हाधिकारी कार्यालय आणि सीबीएस म्हणजे मध्यवर्ती बसस्थानक ही सर्वाधिक वर्दळीची ठिकाणे येतात. न्यायालयाच्या कामकाजाच्या दिवशी कडेला दुचाकींची रांग लागली की सायकलस्वाराला ती रांग चुकवत मुख्य रस्त्यावर यावे लागते. अशा वेळी दोन उभ्या गाड्यांच्या मधूनच एकदम बाहेर येऊ नये. रांग सुरू होण्याच्या बरेच आधी मागे पाहून, हात दाखवून सरळ रेषेत मुख्य रस्त्यावर यावे, म्हणजे मागच्या बसचालकाला आपण दिसतो. याच अभियानाच्या काळात शहरात सार्वजनिक सायकल योजनाही आली होती. ठिकठिकाणी स्थानके उभारून मोबाइलवरून कुलूप उघडायचे आणि वापराच्या वेळेनुसार भाडे द्यायचे, अशी ती व्यवस्था होती. ती टिकली नाही. स्मार्ट सिटी अभियानाची मुदतही ३१ मार्च २०२५ रोजी संपली. माझे मत असे आहे की भाड्याच्या सायकली रस्त्यावर आणणे तुलनेने सोपे असते आणि त्यांना घर ते कामाचे ठिकाण असा सलग, मोकळा रस्ता देणे अवघड असते. दुसरे काम मागे राहिले की पहिले फार काळ उभे राहत नाही. म्हणून नव्याने आलेल्याने एखाद्या योजनेच्या भरवशावर न राहता स्वतःची सायकल आणि स्वतःचा पाहून ठेवलेला रस्ता यांवर भिस्त ठेवावी. सायकलने गाठता येणार नाही इतके लांब जायचे असेल तेव्हा ८ जुलै २०२१ पासून सुरू झालेली महापालिकेची सिटीलिंक बससेवा उपयोगी पडते.

मला सर्वांत आवर्जून सांगायचे आहे ते बातम्यांविषयी. वर्तमानपत्रात ‘सायकल’ या शब्दाखाली जे छापून येते ते बहुधा ३ जूनच्या जागतिक सायकल दिनाच्या फेरीचे छायाचित्र असते. आपल्या रोजच्या प्रवासावर परिणाम करणाऱ्या बातम्या मात्र वेगळ्याच मथळ्यांखाली असतात आणि त्या वाचायची सवय लावून घ्यावी लागते. जलवाहिनी, गॅसवाहिनी किंवा मलवाहिनीच्या खोदकामाची बातमी ही सायकलस्वाराची पहिली बातमी होय, कारण खोदलेला चर बहुतेक वेळा रस्त्याच्या डाव्या कडेला, म्हणजे आपण जेथून चालतो तेथेच असतो. चर माती आणि मुरूम टाकून बुजवतात. पहिल्या दमदार पावसात ती माती बसते, वरून पाणी साचते आणि सपाट दिसणाऱ्या डबक्याखाली वीतभर खोल खाच तयार होते. ज्या रस्त्यावर मे महिन्यात काम झाल्याचे वाचले असेल, त्या रस्त्यावर जून-जुलैत कडेपासून हातभर आत चालावे आणि पाणी साचलेल्या जागी रुंद चाकाच्या सायकलनेसुद्धा वेगाने शिरू नये.

दुसरी बातमी गंगापूर धरणाच्या विसर्गाची. पंचवटी आणि जुने नाशिक यांच्यामध्ये गोदाघाटावरून, लहान पुलांवरून जाणारे रस्ते जवळचे आहेत, आणि एरवी सायकलला तेच सोयीचे पडतात. धरणातून पाणी सोडले की हेच रस्ते आधी पाण्याखाली जातात. नाशिककर पुराची पातळी रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून ओळखतात. पाणी मूर्तीच्या पायांशी आल्याचे ऐकले की घाटाचा विचार सोडून होळकर पुलावरून जावे. विसर्ग क्युसेकमध्ये जाहीर होतो आणि तो टप्प्याटप्प्याने वाढवला जातो, त्यामुळे सकाळी कोरडा असलेला रस्ता संध्याकाळी परतताना तसाच मिळेल, असे गृहीत धरू नये.

तिसरी बातमी सिंहस्थाची. २०२७ च्या कुंभमेळ्यासाठी शहरात आणि शहराबाहेर रस्ते रुंद करण्याची, नवे पूल आणि बाह्य वळणमार्ग यांची कामे हाती घेण्यात आली आहेत, आणि या कामांचा कार्यक्रम हाच पुढील काळात सायकलस्वारांचे वेळापत्रक ठरवणारा विषय राहील. नाशिकमधील अमृतस्नानाच्या जाहीर तारखा २ ऑगस्ट, ३१ ऑगस्ट आणि ११ सप्टेंबर २०२७ अशा आहेत. त्र्यंबकेश्वरला शेवटचे अमृतस्नान १२ सप्टेंबरला आहे. या दिवसांच्या मागेपुढे पंचवटी, तपोवन आणि रामकुंड परिसरातील वाहतूक पोलीस आयुक्तालयाच्या अधिसूचनेनुसार चालते, आणि अधिसूचनेत कोणत्या वाहनांना बंदी आहे हे शब्दशः वाचावे लागते. ‘सर्व प्रकारच्या वाहनांना’ असे लिहिले असेल तर त्यात सायकलही येते, हे समजून चालावे. ‘जड वाहनांना’ असे असेल तर आपला मार्ग खुला राहतो, पण वळवलेली वाहने कोणत्या पर्यायी रस्त्यावर येणार, हे पाहणे तितकेच जरुरीचे असते. ज्या शांत रस्त्याने आपण जातो तोच पर्यायी मार्ग म्हणून जाहीर झाला, तर त्या काळापुरता आपणच दुसरा शोधावा. रुंदीकरणाच्या आराखड्यांवर हरकती आणि सूचना मागवल्या जातात तेव्हा सायकलसाठी कड सोडण्याची सूचना लेखी द्यावी, अशी माझी मनापासून विनंती आहे. रस्ता तयार झाल्यानंतर ती मागणी करणे फार महाग पडते, आणि सायकलने कामावर जाणारा कामगार स्वतः बोलला नाही तर त्याची गरज कागदावर येतच नाही.

सोबत मिळवण्यासाठी या शहरात अडचण येत नाही. नाशिक सायकलिस्ट्स फाउंडेशनतर्फे आषाढी एकादशीपूर्वी नाशिक ते पंढरपूर सायकल वारी निघते. त्र्यंबकेश्वरहून निवृत्तिनाथांची पालखी ज्या भूमीतून पायी जाते तेथून सायकलवर विठ्ठलाकडे जाणे, ही भावना आपल्या खानदेशी माणसालाही जवळची आहे. लांब अंतराची हौस असणाऱ्यांना २००, ३००, ४०० आणि ६०० किलोमीटरच्या ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल फेऱ्या, असतात. २०० किलोमीटरसाठी साडेतेरा तासांची मुदत असते, आणि ती स्पर्धा नसते. अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ नाशिकच्या महेंद्र आणि हितेंद्र महाजन या डॉक्टर बंधूंनी २०१५ मध्ये दोघांच्या संघातून पूर्ण केली, तेव्हापासून येथे सायकलकडे आदराने पाहणाऱ्यांची संख्या वाढलेली मला स्वतःला जाणवते. पहिल्या रविवारी मात्र गंगापूर रस्त्याने सोमेश्वरपर्यंत जाऊन यावे. पहाटे निघाल्यास रहदारी कमी असते.

तक्रार कशी करावी, हे शेवटी सांगतो, कारण नवीन माणूस येथेच कंटाळतो. आधी रस्ता कोणाचा ते शोधावे. मुंबई-आग्रा महामार्गाची तक्रार राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाच्या १०३३ या क्रमांकावर करावी. महापालिकेकडे केल्यास ती नुसती फिरत राहते. शहरातील रस्त्यांसाठी महापालिकेचे ई-कनेक्ट अॅप आहे, आणि त्याखेरीज नाशिक पूर्व, नाशिक पश्चिम, पंचवटी, नाशिकरोड, नवीन नाशिक आणि सातपूर अशी सहा विभागीय कार्यालये आहेत. सिडकोत राहणाऱ्यांनी नवीन नाशिक विभागात जावे. अर्जात ‘रस्ता खराब आहे’ असे मोघम लिहू नये. पावसाळी गटारावरील लोखंडी जाळीच्या पट्ट्या रस्त्याच्या दिशेने बसवलेल्या असतील तर सायकलचे चाक त्यांत अडकते. अशा वेळी ‘अमुक चौकापासून अमुक दुकानासमोर डाव्या बाजूस असलेली जाळी काढून तिच्या पट्ट्या रस्त्याला आडव्या येतील अशी फिरवून बसवावी’ इतके नेमके लिहावे, जाळीशेजारी सायकल उभी करून काढलेले छायाचित्र जोडावे, अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घ्यावा आणि तीच प्रत प्रभागाच्या नगरसेवकांनाही द्यावी.