मुका मार, निळं गेलं, गाठ राहिली

ऊसतोडीच्या हंगामात निपाणी-खानापूरकडं ट्रॉलीचा दांडा नडगीला लागणं नवं नाही. निळसर डाग पंधरवड्यात पिवळा होऊन जातो, पण आत सुपारीएवढी टणक गाठ राहते. ते बहुतेकदा साकळलेलं रक्त असतं. जिरायला काही आठवडे, कधी दोन-तीन महिनेही लागतात.

पहिले दोन दिवस बर्फ फडक्यात गुंडाळून १५-२० मिनिटं ठेवा, पाय उशीवर उंच. या दिवसांत शेक नको आणि चोळणं तर अजिबात नको, घरची म्हातारी माणसं तेलाची वाटी घेऊन बसली तरी! खोल स्नायूला मार असेल तर रगडण्यानं रक्तस्राव वाढतो, क्वचित तिथं हाडासारखा कठीण भागही तयार होतो. सूज उतरली की कोमट पाण्याचा शेक चालेल. आंबेहळदीचा लेप लावायचा तर लावा, फक्त कातडी फुटलेली नसावी. सुईनं टोचून रक्त काढायच्या फंदात पडू नका.

गाठ वाढतेय, लाल-गरम झालीय, ताप आहे, किंवा पोटरी सुजून दुखतेय तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर मार लागल्यावर लगेच दाखवा. महिना-दीड महिन्यात गाठ कमी झाली नाही तर सोनोग्राफी करून घ्यावी.