बेभरवशाचा होमरनवाला घ्यावा की नको? वाद घालताना या चुका टाळा

जुलैचा शेवटचा आठवडा आला की मेजर लीग बेसबॉलच्या चाहत्यांमध्ये एक वाद ठरलेला असतो. ट्रेडची (संघांनी आपसांत खेळाडू बदलून घेण्याची) मुदत संपायला चार-पाच दिवस उरलेले, आपल्या संघाच्या बॅटा थंडावलेल्या, आणि कुठल्या तरी हरणाऱ्या संघात एक धिप्पाड गडी विकायला काढलेला. तीस होमरन (क्रिकेटमधल्या षटकारासारखे, चेंडू बाहेर धाडणारे फटके) सहज मारेल, पण सरासरी ०.२०० च्या आसपास (दहा संधींत दोनच यशस्वी फटके, म्हणजे हिट), आणि बिनसलं की तीन-तीन आठवडे चेंडूला बॅट लागत नाही. अर्धे चाहते म्हणतात, घ्या, एका फटक्यात सामना फिरवेल. उरलेले अर्धे म्हणतात, आउट होणारे आपल्याकडे काय कमी आहेत?

मुळात ‘बेभरवशाचा’ या एका शिक्क्याखाली तीन वेगवेगळे खेळाडू येतात. पहिल्याचा खेळच तसा असतो: हिट कमी, होमरन जास्त. दुसऱ्याचा फॉर्म तात्पुरता गेलेला असतो. तिसरा मात्र संपत आलेला असतो. पहिल्या दोघांना घेण्यात काहीच गैर नाही. तिसऱ्याला मोठा करार देऊन बसलात, तर पुढची काही वर्षं वाया गेली म्हणून समजा. वादात या तिघांची सरमिसळ होते आणि पुढच्या बहुतेक चुका तिथूनच निघतात.

क्रिकेटच्या डोळ्यांनी सरासरी वाचणं

ही आपल्या लोकांची हमखास चूक. क्रिकेटमधली सरासरी धावांवरून निघते, त्यामुळे ४८ ची सरासरी म्हटलं की फलंदाज किती पाण्यात आहे ते कळतं. बेसबॉलची बॅटिंग ॲव्हरेज धावांकडे बघतही नाही. तिच्या लेखी कसाबसा पहिल्या बेसवर (धाव पुरी करायला गाठायच्या चार थांब्यांपैकी पहिल्यावर) पोचवणारा हिट आणि ४५० फुटांवर पडलेला होमरन सारखेच. आणि वॉक, म्हणजे पिचरने (चेंडू टाकणाऱ्याने) चार चेंडू चुकीचे टाकल्यामुळे फुकट मिळालेला पहिला बेस, तो तर हिशेबातच नाही.

फिलाडेल्फिया फिलीजचा काइल श्वार्बर बघा. २०२३ मध्ये त्याची सरासरी ०.१९७ होती आणि स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन, चेंडू न मारताच आउट होणं) २१५. एवढंच वाचलं तर याला संघात ठेवलाच कशाला असं वाटेल. पण त्याच मोसमात त्याने ४७ होमरन मारले आणि १२६ वॉक मिळवले. बेसवर पोचण्याचं त्याचं प्रमाण ०.३४३ होतं, त्या वर्षी सगळ्या लीगचं प्रमाण ०.३२० होतं. म्हणजे ज्याला ०.२०० चा आकडाही गाठता आला नाही म्हणून शिव्या पडत होत्या, तो चारचौघांपेक्षा जास्त वेळा बेसवर जात होता. फिलीज त्याला बहुतेक सामन्यांत सगळ्यात पहिला खेळायला पाठवत होते, ते उगाच नाही. त्या मोसमात तो १०८ वेळा धाव घेऊन घरी परतला.

म्हणून आधी ऑन-बेस (बेसवर पोचण्याचं प्रमाण) आणि स्लगिंग (दर संधीला फटक्याने मिळवलेले बेस) हे दोन आकडे काढा. एकच आकडा हवा असेल तर या दोन्हींवरून काढलेला ओपीएस-प्लस घ्या. त्यात पार्कचा (मैदानाचा) हिशेबही धरलेला असतो आणि १०० म्हणजे लीगची सरासरी. तुमचा गडी १२० वर असेल तर बॅटिंग ॲव्हरेजचं रडगाणं थांबवा. ९० वर असेल तर त्याच्या होमरनचे व्हिडिओ पाठवणं थांबवा.

स्ट्राइकआउट म्हणजे महापाप

स्ट्राइकआउट बघायला वाईट दिसतो, एवढाच त्याचा मोठा दोष. पहिल्या बेसवर माणूस असताना जमिनीवरून सरळ शॉर्टस्टॉपच्या (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षकाच्या) हातात चेंडू मारला तर एका फटक्यात दोन आउट जातात. स्ट्राइकआउटला एकच जातो. हां, एका आउटवर तिसऱ्या बेसवर माणूस उभा असताना नुसता उंच उडवलेला चेंडूही एक धाव देऊन जातो, आणि तिथे हे गडी जीव खातात, हे खरं. पण सबंध मोसमात असे प्रसंग आपल्याला वाटतात त्यापेक्षा कमी येतात. आपल्या लक्षात राहतात, एवढंच.

एकूण आकडा मोजत बसण्यापेक्षा प्रमाण कुठे चाललंय ते बघा. तीन वर्षं तीस टक्क्यांवर स्थिर असलेल्या माणसाची मला काळजी वाटत नाही. २६ वरून ३० आणि ३० वरून ३५ अशी चढण दिसली, तर मात्र थांबा.

लाट कुठली, उतरती कळा कुठली

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच, आणि ती दोन्ही बाजूंनी होते.

ॲडम डनची गोष्ट घ्या. २००४ ते २०१० या सात मोसमांत त्याने एकदाही ३८ पेक्षा कमी होमरन मारले नाहीत. त्यात लागोपाठ चार वर्षं बरोब्बर ४०. एवढा नियमित की कंटाळा यावा. शिकागो व्हाइट सॉक्सनी त्याला चार वर्षांसाठी ५ कोटी ६० लाख डॉलर देऊन आणला, आणि २०११ मध्ये त्याने ०.१५९ ची सरासरी आणि ११ होमरन दिले. डावखुऱ्या पिचरांसमोर ९४ चेंडूसंधींत (वॉक वगळून फलंदाजीच्या वेळा) फक्त ६ हिट. संपला, फेका, असं सगळं शहर म्हणत होतं. पुढच्या वर्षी त्याने ४१ होमरन मारले. स्ट्राइकआउटही २२२ झाले म्हणा, पण तो त्याचा जुनाच स्वभाव.

श्वार्बरचंही तसंच. करोनामुळे ६० सामन्यांवर आलेल्या २०२० च्या मोसमात त्याची सरासरी ०.१८८ झाली आणि शिकागो कब्जने त्याला फुकट सोडून दिलं. पुढच्या जूनमध्ये त्याने वॉशिंग्टनसाठी एका महिन्यात १६ होमरन मारले. ६० सामन्यांच्या आकड्यांवरून होमरन मारणाऱ्याचं भविष्य सांगणं म्हणजे अंदाजपंचे. त्याचे होमरन झुबक्याने येतात आणि झुबक्यानेच आटतात.

आता उलटं उदाहरण. बाल्टिमोर ओरिओल्सचा क्रिस डेव्हिस. २०१३ ला ५३ होमरन, २०१४ ला सरासरी ०.१९६, २०१५ ला पुन्हा ४७ होमरन. बघणारा म्हणणार, लाटेसारखा खेळतो, खाली गेला तरी वर येतो. जानेवारी २०१६ मध्ये संघाने त्याला सात वर्षांचा, १६ कोटी १० लाख डॉलरचा करार दिला. तेव्हा त्याला तिसावं लागायला दोनच महिने होते. त्या वर्षी ३८ होमरन आले, पण २१९ स्ट्राइकआउटही आले. २०१७ ला २६ होमरन. २०१८ ला १६ होमरन आणि सरासरी ०.१६८, पात्र ठरण्याइतकं खेळलेल्या खेळाडूंमधली इतिहासातली नीचांकी. सप्टेंबर २०१८ पासून तो सलग ५४ चेंडूसंधींत एकही हिट न मारता खेळला. ती मालिका १३ एप्रिल २०१९ ला बोस्टनच्या फेनवे पार्कमध्ये तुटली, तीही साध्या एका बेसच्या हिटने.

मग डन आणि डेव्हिस यांतला फरक आधी ओळखायचा कसा? छातीठोकपणे कुणीच सांगू शकत नाही. जो सांगतो त्याच्याशी वाद घालू नका. पण बघायच्या जागा ठरलेल्या आहेत. मेजर लीगची बेसबॉल सॅव्हंट ही साइट उघडा. प्रत्येक खेळाडूच्या पानावर लाल-निळ्या पट्ट्या असतात. लाल म्हणजे लीगमध्ये वरचा, निळा म्हणजे खालचा. होमरनवाल्या गड्याच्या पट्ट्या साधारण अशाच दिसतात: चेंडू बॅटवरून सुटण्याचा वेग लाल, बॅरल (होमरनच्या वेगाने आणि कोनाने लागलेले फटके) लाल, वॉक बहुधा लाल, हुकलेले स्विंग आणि स्ट्राइकआउट गडद निळे. ही रांग जागेवर असेल आणि फक्त सरासरी घसरली असेल, तर ती बहुधा लाट आहे. वरच्या लाल पट्ट्या फिक्या पडायला लागल्या, बॅटचा वेग उतरला आणि निळ्या पट्ट्या होत्या तिथेच राहिल्या, तर मग दर आठवड्याला येणारे दोन होमरन तुम्हाला फसवत आहेत. वॉक कमी होणं ही खूण लोकांच्या नजरेतून सुटते. पिचर घाबरेनासे झाले की ते सरळ स्ट्राइक टाकतात.

‘आपल्या पार्कात हा धुमाकूळ घालेल’

जुलै २०२१ मध्ये न्यूयॉर्क यांकीजने टेक्सासकडून जोई गॅलोला आणलं, तेव्हा या वाक्याचा अक्षरशः पाऊस पडला होता. यांकी स्टेडियममधली उजवीकडची भिंत कोपऱ्यात फक्त ३१४ फुटांवर, गॅलो डावखुरा, अजून काय हवं? तोपर्यंत टेक्सासकडून त्या मोसमात त्याचे २५ होमरन झाले होते. यांकीजकडून उरलेल्या ५८ सामन्यांत सरासरी ०.१६०, होमरन १३ आणि स्ट्राइकआउट ८८.

जवळची भिंत कुणाच्या कामाची? ज्याचे चेंडू भिंतीपाशी झेलले जातात त्याच्या. गॅलो मारायचा ते आकाशात चढून स्टँडच्या वरच्या मजल्यांकडे जाणारे. ते कुठल्याही पार्कात बाहेरच जातात. त्याची अडचण चेंडू लांब जात नाही ही कधीच नव्हती, चेंडूला बॅट लागत नाही ही होती. २०१७ मध्ये त्याने ४१ होमरन मारले आणि एका बेसचे हिट फक्त ३२! अशा माणसाला भिंत जवळ आणून काय मिळणार? पार्कचा मुद्दा काढायचाच असेल तर त्या खेळाडूने मागच्या दोन वर्षांत उडवलेले चेंडू कुठे पडले त्याचा नकाशा बघा, मग बोला.

असाच दुसरा लाडका युक्तिवाद होता शिफ्टचा. सगळे क्षेत्ररक्षक एका बाजूला उभे राहतात म्हणून बिचाऱ्याचे हिट जातात, हे बंद झालं की बघा. २०२३ पासून दुसऱ्या बेसच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन इनफिल्डर (बेसजवळचे क्षेत्ररक्षक) ठेवण्याची सक्ती आली. त्या वर्षी मिनेसोटाकडून खेळताना गॅलोची सरासरी ०.१७७ होती. स्ट्राइकआउट झालेला चेंडू क्षेत्ररक्षकांकडे जातच नाही, ते कुठेही उभे असोत.

तो कोणाच्या जागी खेळणार, हे न विचारणं

वादात तुलना होते ती नेहमी एखाद्या आदर्श खेळाडूशी. खरी तुलना करायची ती आज त्या जागी जो खेळतोय त्याच्याशी.

२०२१ ची ॲटलांटा ब्रेव्ज. १० जुलैला मायामीत रोनाल्ड अकुन्या ज्युनियरच्या गुडघ्याचा लिगामेंट तुटला. मार्सेल ओझूना मे महिन्यापासूनच बाहेर. आउटफिल्डमध्ये (मैदानाच्या लांबच्या भागात) उभं करायला माणसं नाहीत अशी गत. त्या संघाचे जिंकलेले सामने हरलेल्यांपेक्षा जास्त झाले ते त्या मोसमात पहिल्यांदा ६ ऑगस्टला. ३० जुलैला त्यांनी जे आणले त्यात कॅन्सस सिटीचा होर्हे सोलेर होता. २०१९ मध्ये ४८ होमरन मारून अमेरिकन लीगमध्ये (मेजर लीगच्या दोन भागांपैकी एकात) पहिला आलेला, स्ट्राइकआउटमध्येही त्याच वर्षी पहिला, आणि २०२१ च्या जुलैअखेर ०.१९२ वर घसरलेला. कागदावर बघितलं तर नकोच म्हणाल. पण ब्रेव्जना ०.३०० चा माणूस नको होता, त्यांना भोक बुजवायचं होतं.

उरलेल्या ५५ सामन्यांत सोलेरने ०.२६९ च्या सरासरीने १४ होमरन मारले. वर्ल्ड सिरीजच्या (विजेतेपदाच्या अंतिम मालिकेच्या) पहिल्या सामन्यातला पहिलाच फलंदाज म्हणून आला आणि होमरन मारून गेला. सहाव्या सामन्यात, ह्यूस्टनमध्ये, तिसऱ्या इनिंगला त्याने लुइस गार्सियाला डाव्या बाजूने जो मारला तो रेल्वेच्या रुळांवरून स्टेडियमच्या बाहेर गेला. अंतर ४४६ फूट, धावा तीन. सिरीजचा एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू) तोच.

हे बघून ‘प्रत्येक घसरलेला होमरनवाला सोलेरच निघतो’ म्हणणारे पुढच्या प्रत्येक जुलैला भेटतात. त्यांच्यासमोर गॅलो ठेवावा. दोन्ही ट्रेड एक दिवसाच्या अंतराने झाले होते.

किंमत शेवटी बघणं

खरं तर ती आधी बघायची. सोलेरसाठी ब्रेव्जनी मायनर लीगमधला (खालच्या स्तरावरचा) एक पिचर दिला. गॅलोसाठी यांकीजनी चार तरुण खेळाडू दिले; त्यातले जोश स्मिथ आणि इझेकिएल दुरान २०२३ ला विजेत्या ठरलेल्या टेक्सासच्या संघात होते. सोलेर फसला असता तरी ब्रेव्जचं फार काही गेलं नसतं.

सिएटल मरिनर्सचा २०२५ चा सौदा या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी बसतो. युहेनियो सुआरेझला त्यांनी २०२३ च्या मोसमानंतर स्ट्राइकआउट फार होतात म्हणून ॲरिझोनाला देऊन टाकलं होतं. जुलै २०२५ अखेर त्यालाच तीन तरुण खेळाडू मोजून परत आणलं, करार संपायला एक मोसमही उरलेला नसताना. सिएटलकडून त्याची सरासरी ०.१८९ पडली, ५३ सामन्यांत १३ होमरन. चाहते कातावले. मग ऑक्टोबरमध्ये टोरंटोविरुद्ध अमेरिकन लीगच्या अंतिम मालिकेतल्या पाचव्या सामन्यात त्याने दोन होमरन मारले, त्यातला आठव्या इनिंगचा ग्रँड स्लॅम (तिन्ही बेसवर माणसं असतानाचा, चार धावांचा होमरन). सामना ६-२ ने खिशात. पुढचे दोन सामने हरून सिएटल घरी गेलं, पण वर्ल्ड सिरीजच्या उंबरठ्यापर्यंत त्यांना नेलं ते ०.१८९ वाल्यानेच. मला विचाराल तर तो सौदा चांगला होता. चाहत्यांपैकी निम्मे अजून मान्य करत नाहीत.

दोन महिन्यांचा पाहुणा असेल, देणं हलकं असेल आणि जागा खरंच रिकामी असेल, तर मी बहुतेक वेळा ‘घ्या’ म्हणेन. लांबलचक करार असेल तर त्या लाल-निळ्या पट्ट्यांची तीन वर्षं पाहिल्याशिवाय तोंड उघडणार नाही. डेव्हिस २०२१ मध्ये निवृत्त झाला, पण कराराचे ४ कोटी २० लाख डॉलर पुढे ढकलून ठेवल्यामुळे बाल्टिमोरचे हप्ते २०३७ पर्यंत चालू राहणार आहेत. आणि २०२५ मध्ये ५६ होमरन मारलेल्या श्वार्बरशी फिलीजनी त्याच डिसेंबरमध्ये पाच वर्षांचा, १५ कोटी डॉलरचा नवा करार केलाय, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी. हा वाद २०३० पर्यंत पुरेल.