लेझर्स अँड फीलिंग्ज खेळवताना या चुका टाळा

जॉन हार्परचा हा गेम 2013 सालचा. टेबलाभोवती बसून, आपापलं पात्र बनून, फासे टाकत गोष्ट रंगवायचा, म्हणजे रोलप्लेइंग गेम. फुकट मिळतो आणि सगळे नियम एका पानात मावतात. 'रॅप्टर' हे टेहळणी जहाज अंतराळात आहे, कॅप्टन डार्सी एका अनाकलनीय शक्तीच्या तडाख्याने आडवा झालाय आणि निभावून न्यायचं आहे उरलेल्यांनी. एकच पान म्हणून लोक तेही धड वाचत नाहीत, आणि वर "यात काही दम नाही" म्हणून मोकळे होतात.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे फासा फसतो आणि काहीच घडत नाही. एका टेबलवर मी खेळाडू होतो. आमच्या इंजिनियरला इंजिनरूमचं दार उघडायचं होतं. फासा फसला. गेम मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा, म्हणाला, "नाही उघडलं. परत टाक." पुन्हा फसला. "परत टाक." तोवर पायलट झालेला मुलगा मोबाइलमध्ये गेला होता, आणि तो शेवटपर्यंत परत आला नाही. वाईट याचं वाटलं, की जहाज ठरवताना आम्ही 'सर्किट ब्रेकर भिकार' हा दोष स्वतः निवडला होता. पहिल्यांदा फासा फसला तेव्हाच अख्खा मजला अंधारात जायला हवा होता! प्रत्येक फाशानंतर परिस्थिती बदलते, हे त्या पानावर स्पष्ट लिहिलंय. मी फासा हातात देण्याआधीच ठरवून ठेवतो, की फसलं तर काय बिघडणार. काही सुचलं नाही तर फासा टाकायला लावतच नाही. दार उघडलं, चला पुढे.

दुसरी चूक नंबरची. प्रत्येक खेळाडूने आपल्या पात्रासाठी 2 ते 5 मधला एक नंबर निवडायचा असतो. नवखे डोळे मिटून 5 घेतात, जणू तो परीक्षेतला मार्क आहे. लेझर्स म्हणजे शांत डोक्याचं, तंत्राचं काम. तिथे नंबरपेक्षा कमी पडायला हवं. फीलिंग्ज म्हणजे माणसं जिंकणं, जिवावर उदार होणं, तिथे जास्त. म्हणजे 5 वाल्याला यंत्रं सोपी, पण परग्रहावरच्या राजदूताची समजूत काढायची तर फक्त 6 चालतो. हे कळून निवडलंत तर मजा आहे. मी प्रत्येकाच्या कार्डावर पेन्सिलीने लिहून देतो: 'लेझर्स 1 ते 4, फीलिंग्ज 6'. मग दर वेळी "वर की खाली?" विचारावं लागत नाही.

नेमका आपलाच नंबर पडला तर गेम मास्टरला एक प्रश्न विचारता येतो, आणि त्याने खरं उत्तर द्यायचं असतं. "कदाचित", "बघू पुढे" ही उत्तरं नव्हेत. रहस्य फुटेल म्हणून घाबरू नका. माहिती हाती आली की खेळाडू पेटून उठतात.

आधीच अख्खी गोष्ट लिहून आणू नका. संकट कोणतं आणि त्याला काय हवंय, एवढं पुरे.

मदतीचा फासा फुकट वाटू नका. मदत करणाऱ्याने कशी ते सांगायचं, स्वतः फासे टाकायचे, आणि जमलं तरच दुसऱ्याला एक जादा फासा.

आणि पहिल्याच खेळात डंजन्स अँड ड्रॅगन्स या दुसऱ्या रोलप्लेइंग गेमसारखे हिट पॉइंट (पात्रात किती जीव उरलाय ते मोजणारा आकडा) चिकटवू नका. आधी आहे तसा एकदा पूर्ण खेळा. जखमी झालेल्या माणसाला पुढचं काम जड जातं, हे तोंडी सांगूनही भागतं.