विकत घेतलेला गेम आपल्या ताब्यात कसा ठेवावा

डिजिटल दुकानात गेमची पूर्ण किंमत मोजली, तरी आपल्या पदरात बहुतेक वेळा पडतो तो केवळ वापराचा परवाना. २०१४ साली आलेल्या ‘द क्रू’ या गेमचे सर्व्हर युबिसॉफ्टने ३१ मार्च २०२४ रोजी बंद केले, तेव्हा एकट्याने खेळण्याचा भागही गेला, कारण सर्व्हरशी जोडल्याशिवाय तो गेम सुरूच होत नसे. कंपनीने सर्व्हर कायमचे चालवावेत, अशी अपेक्षा कोणी करत नाही; मात्र पैसे घेतल्यावर जाताना गेम खेळण्याजोगा ठेवून जाणे हे तिचे कर्तव्य आहे, असे माझे ठाम मत आहे. तसा कायदा होईपर्यंत काळजी आपणच घ्यायला हवी.

पैसे देण्यापूर्वी गेमच्या पानावरील बारीक अक्षरांतला मजकूर वाचावा. स्टीम या संगणकावरील गेमच्या ऑनलाइन दुकानात तो उजव्या बाजूच्या रकान्यात असतो. तिथे डेनुव्होसारख्या डीआरएमचा, म्हणजे डिजिटल कुलपाचा, किंवा दुसऱ्या कंपनीचे खाते उघडण्याच्या अटीचा उल्लेख असेल, तर आपला गेम आणखी कोणाच्या तरी मर्जीवर अवलंबून राहणार हे ओळखावे. डबाबंद डिस्क घेतली की प्रश्न मिटला, असेही समजू नये. कित्येक डिस्कवर गेमचा काही भागच असतो आणि उरलेला डाउनलोड करावा लागतो.

खरेदीनंतर लगेच एक चाचणी करावी. स्टीमवर खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि खेळण्याचा वेळ २ तासांपेक्षा कमी असताना सहसा पैसे परत मिळतात, म्हणून ही चाचणी त्या मुदतीतच उरकणे शहाणपणाचे. गेम एकदा सुरू करून बंद करावा, मग इंटरनेट तोडावे, स्टीम पूर्णपणे बंद करावे आणि गेमच्या फोल्डरमधील मूळ एक्झी फाइल, म्हणजे गेम सुरू करणारी फाइल, थेट उघडावी. गेम सुरू झाला, तर त्या फोल्डरची प्रत बाहेरच्या डिस्कवर ठेवता येते आणि ती बहुधा पुढेही उपयोगी पडते. त्याऐवजी स्टीमची खिडकी उघडली किंवा लॉगिन मागणारा संदेश आला, तर तो गेम दुकानाच्या आधाराशिवाय चालत नाही, असे धरून चालावे.

एकच गेम दोन दुकानांत उपलब्ध असेल, तर मी जीओजीची शिफारस करेन. २००८ साली सुरू झालेल्या या दुकानाचा पायाच डीआरएमविरहित विक्री हा आहे. मात्र तिथे खरेदी करून थांबणाऱ्यांना त्याचा पूर्ण लाभ मिळत नाही. आपल्या संग्रहात जाऊन ऑफलाइन इन्स्टॉलर, म्हणजे इंटरनेटशिवाय गेम बसवता येणारी फाइल, उतरवून घ्यावा. मोठ्या गेमच्या बाबतीत एका एक्झी फाइलसोबत गेमचा उरलेला भाग साठवणाऱ्या अनेक बिन फाइली असतात आणि त्यांतली एक जरी राहिली तरी इन्स्टॉलेशन अडते. सर्व फाइली एकाच फोल्डरमध्ये ठेवून फोल्डरच्या नावात आवृत्ती लिहावी, आणि मोठा अपडेट आल्यावर नवा इन्स्टॉलर घेतला तरी तो नीट चालतो हे पाहिल्याखेरीज जुना पुसू नये. खेळातली प्रगती साठवणाऱ्या सेव्ह फाइली बहुधा वेगळ्या जागी, डॉक्युमेंट्स किंवा लपवलेल्या ॲपडेटा फोल्डरमध्ये असतात. त्यांचीही प्रत घ्यावी.

मुक्त सॉफ्टवेअर असलेल्या गेमना ही धडपड लागत नाही. ‘ओपनटीटीडी’ आणि ‘बॅटल फॉर वेसनॉथ’ जीपीएल या मुक्त परवान्याखाली मिळतात, त्यामुळे त्यांचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामचा मूळ मजकूर, कोणीही वाचू, बदलू आणि पुढे देऊ शकतो, आणि मूळ चमू पांगला तरी इतरांना काम चालू ठेवता येते.

केवळ ऑनलाइन चालणाऱ्या गेमबाबत मात्र खेळाडूंना स्वतःचा सर्व्हर चालवण्याची सोय आहे का, एवढे तपासावे. ती नसेल, तर त्या गेममधील पोशाख, शस्त्रे किंवा नाणी यांवर खर्च करताना सर्व्हर बंद होईल त्या दिवशी तेही जाणार, हे गृहीत धरूनच रक्कम ठरवावी.