घातक कचऱ्याचा करार: मार्चआधी आवरायची फाइल

मार्च उजाडला की एमआयडीसीतल्या बऱ्याच ऑफिसांत एकच दृश्य दिसतं. घातक कचरा उचलणाऱ्याचा करार 31 तारखेला संपत असतो, पर्चेसवाला गेल्या वर्षीची फाइल उघडतो, तारखा बदलतो, दर थोडा घासतो आणि साहेबांकडे सहीला पाठवतो. यंदा ते काम फेब्रुवारीत काढा आणि दोन दिवस मोकळे ठेवा. त्यातला पहिला दिवस ऑफिसात घालवू नका, कचऱ्याच्या शेडमध्ये घालवा.

शेडमध्ये जाताना प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र हातात असू द्या. त्यात प्रत्येक प्रकारच्या कचऱ्यापुढे क्रमांक, वर्षाचं परिमाण आणि विल्हेवाटीची पद्धत लिहिलेली असते. 35.3 म्हणजे ईटीपीचा (सांडपाणी शुद्धीकरणाच्या प्लांटचा) गाळ, 5.1 वापरलेलं तेल, 33.1 रसायनांचे रिकामे ड्रम आणि लायनर, 33.2 तेलाने माखलेल्या चिंध्या. समोरच्या प्रत्येक ढिगाला यातला एखादा क्रमांक लागतो का ते बघा. ज्याला लागत नाही, तोच माल पुढे गळ्यात येतो. ड्रमवरचं लेबल फॉर्म 8 च्या नमुन्यातलं आणि पाण्याने न धुऊन जाणारं हवं. मार्करने लिहिलेलं ‘वेस्ट’ पहिल्या पावसात जातं. साठवणुकीची तारीखही वाचा. घातक कचऱ्याच्या 2016 च्या केंद्रीय नियमांनी माल 90 दिवसच ठेवायची मुभा दिली आहे. वर्षाला 10 टनांच्या आत कचरा असणाऱ्या लहान कारखान्यांना मंडळ 180 दिवसांपर्यंत वाढवून देऊ शकतं, पण ती परवानगी कागदावर घ्यावी लागते.

दुसऱ्या दिवशी करार काढा आणि मालाचं वर्णन संमतीपत्राशी शब्दाला शब्द जुळवा. ‘केमिकल वेस्ट, अंदाजे 20 टन’ असं लिहिलेला करार रद्दीतच टाका. समोरच्या संस्थेचं प्राधिकारपत्र (कचरा हाताळायची मंडळाची परवानगी) मागवा आणि नुसती मुदत बघून थांबू नका. तुमचा क्रमांक त्यांच्या यादीत आहे का आणि त्यांची क्षमता किती आहे, तेही वाचा. तळोजा, महापे, रांजणगाव, बुटीबोरी इथल्या घातक कचरा विल्हेवाटीच्या सामायिक केंद्रांचं सभासदत्व बहुतेकांकडे असतं. पण सभासद झालात म्हणून तुमचा प्रत्येक माल तिथे चालेल असं नाही. तेल, सॉल्व्हंट, ड्रम हे पुनर्वापर करणाऱ्याकडे जातात आणि त्याची कागदपत्रं वेगळी. दर इतरांपेक्षा फारच कमी सांगणारा भेटला तर खूश होण्याआधी तो माल नेमका कुठे उतरवतो ते विचारा.

उचल किती दिवसांत, हे करारात आकड्यात हवं. ‘लवकरात लवकर’ लिहिलं की तुमचे 90 दिवस सरत राहतात आणि त्याची गाडी येत नाही. मी ‘लेखी कळवल्यापासून दहा दिवस’ असं लिहून घेतो. जून ते सप्टेंबरची वेगळी ओळ टाका, कारण पावसाळ्यात लँडफिलवाले (कचरा जमिनीत पुरणारे) माल घ्यायला हात आखडता घेतात. तेव्हा मेअखेर एक मोठी उचल ठरवून शेड रिकामी करणं बरं.

आता वाहतूक. याच कलमावर सर्वात जास्त वेळ द्या. नियम 18 सांगतो की सुरक्षित वाहतुकीची जबाबदारी जो गाडी ठरवतो त्याची, मग तो माल पाठवणारा असो वा घेणारा, आणि ती कोणाची हे मॅनिफेस्टमध्ये (मालाबरोबर जाणाऱ्या चलनात) स्पष्ट लिहिलेलं हवं. ‘गाडी द्वितीय पक्ष पाठवेल’ एवढी ओळ करारात असून भागत नाही. द्वितीय पक्ष स्वतःची गाडी पाठवणार की कोपऱ्यावरच्या ट्रान्सपोर्टवाल्याला काम देणार? पोटकंत्राटाला लेखी संमती लागेल अशी अट घाला, गाड्यांचे नंबर परिशिष्टात घ्या, चालकाच्या लायसन्सवर धोकादायक मालाची नोंद आहे का ते गेटवर तपासा. माल विल्हेवाटीसाठी दुसऱ्या राज्यात जाणार असेल तर दोन्हीकडच्या मंडळांचं ना-हरकत पत्र आधी लागतं. पुनर्वापरासाठी जात असेल तर दोघांना कळवावं लागतं. जानेवारी 2022 मध्ये सुरतजवळ सचिन जीआयडीसीत (तिथल्या औद्योगिक वसाहतीत) टँकरमधलं रसायन नाल्यात सोडलं, वायू पसरला आणि सहा कामगार गेले. तो माल महाराष्ट्रातून गेला होता. तपास टँकरवर थांबला नाही, माल जिथून निघाला त्या कारखान्यापर्यंत आला. आपल्या गेटमधून निघालेली गाडी कुठे रिकामी झाली हे माहीत नसणं किती महागात पडतं, हे पर्चेसवाल्याला समजावायला मला हे एकच उदाहरण पुरतं.

गाडी कुठे पोचली हे कळायचं साधन म्हणजे मॅनिफेस्ट, फॉर्म 10. सात प्रती, सात रंग. पांढरी तुम्ही मंडळाला पाठवायची. पिवळीवर वाहतूकदाराची सही घेऊन ती स्वतःकडे ठेवायची. उरलेल्या पाच गाडीबरोबर जातात. गुलाबी माल घेणाऱ्याकडे राहते, नारिंगी तो वाहतूकदाराला देतो, हिरवी मंडळाला पाठवतो, निळी तुम्हाला परत पाठवतो आणि करडी, माल परराज्यातून आला असेल तर, पाठवणाऱ्याच्या राज्यातल्या मंडळाला. मला विचाराल तर या सातांत जीव निळीत आहे, कारण माल पोचल्याची सही तिच्यावर असते. आणि नेमकी तीच फाइलला नसते. कारण साधं आहे: तिच्यावाचून कोणाचे पैसे अडत नाहीत. म्हणून करारात एक ओळ घाला की बिलाला निळी प्रत जोडलेली नसेल तर बिल पास होणार नाही. गेली काही वर्षं मी हे करतोय. पहिल्या महिन्यात वाहतूकदार कुरकुरतो, दुसऱ्या महिन्यापासून निळी बिलाआधी येते.

निळी हातात आली की वजन बघा. एकदा आमच्या काट्यावर 4,120 किलो भरलेला गाळ पलीकडे 3,640 झाला होता. उत्तर मिळालं, ‘रस्त्यात पाणी निथळलं असेल.’ निथळलं तर निथळलं कुठे? ताडपत्रीखालून साडेचारशेहून जास्त लिटर पाणी वाहिलं असेल तर ते सगळं रस्त्यावर गेलं, आणि तसं नसेल तर प्रश्न आणखी वाईट. तेव्हापासून कोणाचा काटा धरायचा, किती टक्के फरक चालेल आणि त्यापलीकडे किती दिवसांत लेखी खुलासा हवा, हे मी करारातच ठरवतो.

माल परत आला तर काय, हाही मुद्दा राहून जातो. केंद्रावर आधी तुमच्या नमुन्याची पूर्ण तपासणी होते आणि नंतर येणारी प्रत्येक गाडी त्याच्याशी पडताळतात. गाळात ओल जास्त निघाली किंवा भलतंच काही मिसळलेलं असलं की गाडी गेटवरून फिरते. परतीचं भाडं कोणाचं, रात्री गाडी उभी कुठे राहणार, परत आलेला माल शेडमध्ये घेताना नोंद कशी करायची, हे आधी बोलून ठेवा. मालाची खरी माहिती देणं हे मात्र तुमचंच काम आहे. प्रोसेस बदलली, नवं सॉल्व्हंट आलं, तर नवा नमुना पाठवा.

नुकसानभरपाईचं कलम वकील लिहून देतो आणि ते वाचून मालक निश्चिंत होतात. ते कलम जरूर ठेवा, कंत्राटदाराकडून पैसे वसूल करायला उपयोगी पडतं. मंडळासमोर त्याचा आडोसा मिळत नाही. नियम 23 प्रमाणे कचरा नीट न हाताळल्यामुळे पर्यावरणाचं किंवा तिऱ्हाइताचं जे नुकसान होईल त्याला कारखानदार स्वतः जबाबदार असतो. राजस्थानातल्या बिछडीत एच-ॲसिड या रंगउद्योगातल्या रसायनाच्या गाळाने विहिरींचं पाणी नासलं, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये साफसफाईचा खर्च कारखान्यांवरच टाकला. 

इथवर कचऱ्याचे करार झाले. आता ज्यांना कोणी कचऱ्याचे करार म्हणत नाही ते काढा: डीजी सेटची (डिझेल जनरेटरची) एएमसी म्हणजे वार्षिक देखभालीचा करार, रंगकाम, टाकी सफाई, छताचं काम, भंगाराचा वार्षिक ठेका. आमच्या जुन्या युनिटमध्ये डीजीच्या एएमसीत शेवटून तिसरी ओळ होती, ‘जुने तेल व फिल्टर कंत्राटदार घेऊन जाईल.’ ती वर्षानुवर्षं कोणी वाचली नव्हती. टेक्निशियन तेल कॅनमध्ये भरायचा, स्कूटरच्या पायाशी ठेवायचा, वॉचमन हात करायचा. तपासणीला आलेल्या फील्ड ऑफिसरने आधी फॉर्म 3 ची कचऱ्याची नोंदवही पाहिली, त्यात 5.1 समोर शून्य. मग तो डीजीकडे गेला, तासांचं मीटर वाचलं आणि शांतपणे म्हणाला, ‘सेट एवढा चाललाय, मग तेल गेलं कुठे?’ त्या ओळीच्या जागी आता ‘जुने तेल, फिल्टर व चिंध्या कारखान्याच्या शेडमध्ये जमा करून पावती घ्यावी’ असं आहे. रंगाऱ्याच्या करारातही थिनरचे डबे आणि ब्रशच्या चिंध्यांसाठी हेच लिहा.

भंगाराच्या ठेक्यात ‘रिकामे ड्रम’ असे दोन शब्द असतील तर लाल पेनाने खोडा. न धुतलेला रसायनाचा ड्रम भंगार नसतो, तो 33.1 असतो. भंगारवाला नगाला रोख मोजतो, म्हणून स्टोअरवाल्याला ते खोडणं आवडत नाही. पण तेच निळे ड्रम पुढे बांधकामावर पाण्याला लागलेले मी पाहिलेत, त्यात मजुरांची पोरं तांब्या बुडवत होती.

अपघाताचं कलम छोटं ठेवा, पण त्यात नाव आणि मोबाइल नंबर हवा, नुसतं पद नको. फॉर्म 9 चं आणीबाणीचं कार्ड चालकाला वाचता येईल अशा भाषेत द्या आणि त्याच्याकडून एकदा वाचून घ्या. मंडळाला लगेच फोन कोणी करायचा आणि मागोमाग फॉर्म 11 कोणी भरायचा, हे दोन्ही बाजूंनी लिहून ठेवा. वार्षिक विवरण, फॉर्म 4, 30 जूनपर्यंत जातं. त्यातले आकडे तुमच्या नोंदवहीशी, मॅनिफेस्टशी आणि पलीकडच्यांच्या नोंदींशी जुळायला हवेत. म्हणून एप्रिलमध्येच त्यांच्याकडून वर्षाचा ताळा सहीनिशी मागवायची अट टाका.

शेवटचं कलम करार संपण्याचं. 31 मार्चला शेडमध्ये जे ड्रम उभे असतील ते जुना उचलणार की नवा, आणि किती तारखेपर्यंत? जुन्याचा दर संपलेला असतो, नव्याची नमुना तपासणी व्हायची असते, आणि 90 दिवस मोजणं कोणासाठी थांबत नाही. मी जुन्या करारातच ‘मुदतीनंतर 15 दिवसांपर्यंत शिल्लक माल जुन्याच दराने’ असं लिहून घेतो, आणि 31 ला संध्याकाळी शेडमधल्या ड्रमांचे नंबर टिपून त्यावर दोघांच्या सह्या घेतो.